पहिल्यांदा किडे खाताना: कोळंबीच्या भाऊबंदांशी कसं वागायचं

बँकॉकच्या हातगाडीवर तळलेल्या रातकिड्यांचे ढीग असतात, युरोपातल्या दुकानात रातकिड्याच्या पिठाची बिस्किटं मिळतात, सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये किड्यांच्या १६ जाती खाद्य म्हणून मान्य केल्या. आपल्याकडे गडचिरोलीत माडिया घरांत लाल मुंग्यांची चटणी वाटली जाते, आणि तिथे ती काही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा नोकरी-शिक्षणासाठी बाहेर गेलेल्या किंवा सहज फिरायला गेलेल्या माणसापुढे कधी ना कधी ही बशी येणार. कोणी कुतूहलाने एक घास खाईल, कोणी व्यायामाच्या नादात पूड मागवेल. दोघांनाही उपयोगी पडेल असं इथे दिलं आहे.

एक नातं लक्षात ठेवलं की निम्म्या चुका टळतात. किडा हा कोळंबी-कुर्लीचा भाऊबंद आहे. हे नुसतं दिसण्यावरून नाही, प्राणिशास्त्राच्या वंशावळीतही कीटकांची शाखा कवचधारी प्राण्यांमधूनच फुटलेली आहे. पण किडा पिठाच्या रूपात पाकिटातून येतो, म्हणून आपण त्याला बेसनाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. मासळीबाजारात जाताना आपण जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारायचे: कोणाला चालते, कुठली आहे, ताजी आहे का, काय काढून टाकायचं, किती वेळ बाहेर राहिली.

आधी हे: तुम्हाला कोळंबी चालते का?

कोळंबी, जवळा, कुर्ल्या, चिंबोऱ्या यांपैकी काहीही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, टाळूला-घशाला खाज सुटत असेल, तर किडे खाऊ नका. थोडंसं चाखून बघू, हेही नको. कोळंबीची ॲलर्जी ज्या प्रथिनामुळे बहुतेकदा होते ते ट्रोपोमायोसिन, आणि तसंच ट्रोपोमायोसिन रातकिड्यात, नाकतोड्यात, मीलवर्म नावाच्या भुंगेऱ्याच्या अळीत असतं. सोबत अर्जिनीन कायनेज नावाचं आणखी एक सामाईक प्रथिन असतं. कोळंबीतलं प्रथिन आणि किड्यातलं प्रथिन यांतला फरक शरीराला कळत नाही. ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे खरपूस तळलं, कडक भाजलं, तरी धोका जात नाही.

तिसरा नातलग घरातच राहतो: गादी-उशीतल्या धुळीतला, डोळ्यांना न दिसणारा माइट. गाद्या झटकताना सटासट शिंका येणाऱ्या, धुळीने दमा उठणाऱ्या माणसाला किड्यांचाही त्रास होऊ शकतो. प्रत्येकाला होतो असं नाही, पण युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या अशा पाकिटांवर कवचधारी प्राणी आणि धुळीतले माइट यांच्या, आणि रातकिडा-टोळ असतील तर शिंपले-कालवं वगैरे मृदुकाय प्राण्यांच्याही, ॲलर्जीचा इशारा छापणं बंधनकारक आहे. धुळीचा दमा असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका.

जन्मात कधी कोळंबी न खाल्लेला माणूस ‘मला कसलीच ॲलर्जी नाही’ असं ठामपणे सांगतो, पण त्याने ते कधी तपासलेलंच नसतं. शाकाहारी घरातून परदेशी गेलेली आणि तिथे थेट रातकिड्याच्या प्रोटीन बारपासून सुरुवात करणारी मुलं याच गटात मोडतात. त्यांनी पहिला घास खूपच सावधपणे घ्यावा. तो कसा, ते पुढे येतंच आहे.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, संधिवाताचा गाउट हा प्रकार असलेल्यांनी किडे टाळावेत, कारण त्यांत प्युरिनं भरपूर असतात आणि शरीरात त्यांचंच युरिक ॲसिड होतं. मूत्रपिंडाच्या आजारामुळे प्रथिनांचं पथ्य असेल तर हाही हिशेब त्या पथ्यातच धरायचा. गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्यांनी मीलवर्मपासून जपावं: ही अळी बहुधा गव्हाच्या कोंड्यावर वाढवतात आणि तिच्या पोटात कोंडा उरलेला असू शकतो. गरोदरपण, अंगावर पाजण्याचा काळ आणि लहान मुलं यांच्याबाबत अभ्यास तोकडा आहे. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या किडे खाल्ले जातात त्यांची गोष्ट वेगळी, नवख्याने मात्र या काळात सुरुवात करू नये.

कुठला किडा, आणि कुठून आलेला

नवख्याने रातकिड्यापासून सुरुवात करावी. तो सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला आहे, चवीला सौम्य आहे, आणि थायलंडपासून युरोपपर्यंत शेतीत वाढवलेला मिळतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मीलवर्म आणि टोळ, २०२२ मध्ये घरगुती रातकिडा आणि २०२३ मध्ये छोटा मीलवर्म यांना एकेक करून मान्यता दिली. पाकिटावर शास्त्रीय नावं असतात, ती ओळखून ठेवा: अकेटा डोमेस्टिकस म्हणजे रातकिडा, टेनेब्रिओ मोलिटर म्हणजे मीलवर्म, लोकुस्टा मायग्रेटोरिया म्हणजे टोळ, अल्फिटोबियस डायापेरिनस म्हणजे छोटा मीलवर्म. बिस्किट-पास्त्यात पूड मिसळलेली असली तर हे नाव घटकांच्या यादीत लपून बसतं. ॲलर्जी असणाऱ्यांनी म्हणूनच यादी शेवटपर्यंत वाचायची.

मीलवर्म चवीला शेंगदाण्याजवळचा, पण त्यात चरबी जास्त. वाळवलेल्या अळीत वजनाच्या पाव ते एक तृतीयांश चरबी असते, त्यामुळे ती लवकर खवट होते. थायलंडमध्ये बांबूतली अळी मिळते. तिला तिथे ‘रोत दुआन’, म्हणजे एक्स्प्रेस गाडी म्हणतात, आणि तळून ती खरोखर कुरकुरीत लागते. कोरियात ‘पोंदेगी’ नावाने रेशीमकोष, म्हणजे धागा काढून उरलेला कोषातला किडा, उकडून विकतात आणि आसामात एरी रेशमाच्या कोषातले किडे आवडीने खातात. रेशीमकोषांचा वास उग्र असतो आणि त्यांचा एक खास धोकाही आहे, म्हणून पहिली निवड तो नको.

आता कुठून घ्यायचा नाही ते. शेतातून, बागेतून, दिव्याखालून पकडलेला नको. जंगलातला नेमका किडा, त्याचा हंगाम आणि जागा ओळखणारी माणसं वेगळी आणि हौसेने नाकतोडा पकडणारे आपण वेगळे. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा ती कीटकनाशक फवारून मारली गेली. असा मेलेला टोळ म्हणजे विषाची पुडी. कुवेतमध्ये १९८८-८९ च्या टोळधाडीनंतर बाजारात आलेल्या टोळांत फवारणीचे अंश सापडले होते. जड धातूंचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे काउंटीत मुलांच्या रक्तात शिसं आढळलं, आणि माग काढता काढता तपास पोचला तो मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेल्या सुकवलेल्या नाकतोड्यांपर्यंत. किडा काय खातो, कुठल्या मातीत फिरतो, ते त्याच्या अंगात उतरतं.

पक्ष्यांच्या किंवा मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारे मीलवर्मही खायचे नाहीत. किडा तोच असला तरी त्याला काय खाऊ घातलं, कसा साठवला, काढण्याआधी उपाशी ठेवला का, यावर माणसाच्या अन्नाची देखरेख तिथे नसते. खाण्यासाठी वाढवलेले किडे काढण्यापूर्वी निदान २४ तास उपाशी ठेवतात, म्हणजे पोटातली घाण निघून जाते. कोळंबीचा काळा दोरा आपण सुरीने काढतो. रातकिड्याचा दोरा असा उपासाने काढायचा.

भारतात किड्यांच्या पिठासारखं नवं अन्न विकायचं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची आधी परवानगी लागते. पारंपरिक पदार्थांची वाट निराळी: ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कुठल्याशा ऑनलाइन दुकानातून परवाना क्रमांक नसलेलं पाकीट मागवणं, हा धोका घेण्यासारखा नाही.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे

‘मटणाच्या तिप्पट प्रथिनं’ हे वाक्य तुम्हाला भेटेलच. ते खोटं म्हणता येत नाही, पण वजनकाट्याची चलाखी आहे. ताज्या रातकिड्यात सुमारे ७० टक्के पाणी असतं आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चिकन किंवा माशाएवढीच. वाळवून पूड केली की पाणी जातं आणि आकडा ६० ते ७० वर चढतो. मग ही कोरडी पूड ओल्या मटणाशेजारी ठेवून तुलना करतात. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करायची तर आपला सुका जवळाही ६० टक्क्यांच्या वर जातो, आणि त्याची कोणी जाहिरात करत नाही.

दुसरी गोम हिशेबाच्या रीतीत आहे. प्रथिन थेट मोजत नाहीत; पदार्थातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. किड्याच्या कवचात कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नव्हे. मीलवर्मसाठी संशोधकांनी सुचवलेला गुणक ४.७६ आहे. म्हणजे लेबलावर १०० ग्रॅमला ६० ग्रॅम लिहिलं असेल तर प्रत्यक्षात सुमारे ४६ धरा. रातकिड्यासाठीही वीसेक टक्के कात्री लावून चाला. १० ग्रॅम पुडीतून साधारण ५ ग्रॅम प्रथिन, म्हणजे एका अंड्यापेक्षा थोडं कमीच.

प्रथिनाचा दर्जा मात्र चांगला आहे, हेही तितकंच खरं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या अभ्यासात तरुणांना व्यायामानंतर ३० ग्रॅम प्रथिन छोट्या मीलवर्ममधून किंवा दुधातून दिलं. स्नायूंत नवं प्रथिन तयार होण्याचा वेग दोन्हींत सारखाच निघाला. प्रथिनं ज्या ॲमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन किड्यांच्या प्रथिनात भरपूर असतं आणि मेथिओनिनसारखी गंधकयुक्त आम्लं कमी पडतात. नेमकी हीच उणीव डाळींतही असते. त्यामुळे पूड वरणात ढवळण्यापेक्षा भाकरीत, थालीपिठात, धिरड्यात घालणं शहाणपणाचं, कारण धान्यात मेथिओनिन असतं आणि लायसिन कमी. दोघांची जोडी जमते.

रातकिड्यात बी-१२ चांगलं असतं, जस्त आणि लोहही. कॅल्शियम नाही. जवळ्याच्या कवचात ते असतं म्हणून किड्यातही असेल, असा अंदाज इथे चुकतो: किड्याचं कवच चुन्याचं नसतं.

पहिला घास

ही पद्धत ज्यांना वरची कुठलीही अडचण नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांना ॲलर्जी माहीत आहे त्यांची तपासणी दवाखान्यातच होते, घरच्या चमच्यावर नाही.

दिवस असा निवडा की घरी दुसरं कोणी तरी आहे, दुसऱ्या दिवशी प्रवास नाही, सर्दी-ताप नाही. त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ नको, दारू नको, आणि खाल्ल्यावर लगेच पळायला किंवा जिमला जाऊ नका. व्यायामाने आणि दारूने ॲलर्जीचा झटका बळावतो. शिजवलेल्या पदार्थातून पाव छोटा चमचा पूड किंवा पाय-पंख काढलेला अर्धा रातकिडा, एवढंच. मग दोन तास स्वतःकडे लक्ष द्या आणि २४ तास पुन्हा खाऊ नका. काही झालं नाही तर पुढच्या वेळी एक छोटा चमचा, आणखी एक दिवस सोडून दोन. आठवड्याने १० ग्रॅमपर्यंत आलात तरी पुरे.

जिभेला मुंग्या येणं, टाळूला खाज, ओठ जड वाटणं ही पहिली खूण. तिथेच थांबा. गांधी, उलट्या, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, चक्कर, यांतलं काही सुरू झालं तर ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते रुग्णालयात मिळतं. महाराष्ट्रात १०८, युरोपात ११२ फिरवा. जाताना पाकीट बरोबर न्या. डॉक्टरला किड्याची जात कळली तर पुढचं सोपं जातं.

पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून जन्मभराचा परवाना मिळाला, असंही नसतं. ॲलर्जी वारंवार संपर्काने तयार होते. मीलवर्म पाळणाऱ्या, त्यांच्या धुळीत रोज वावरणाऱ्या लोकांना ती नव्याने झाल्याच्या नोंदी आहेत. पूड डब्यातून काढताना ती उडवून नाकात घेऊ नका, एवढं साधं पथ्य पाळता येतं.

गोठवलेले अख्खे किडे: साफ करणं आणि शिजवणं

गोठवलेलं पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा, ओट्यावर नाही. चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा. मग भरपूर उकळत्या पाण्यात पूर्ण ५ मिनिटं. ही पायरी लोक गाळतात, कारण पुढे भाजायचंच असतं. पण कोरड्या तव्यावर किंवा कढईत किड्याच्या आतल्या भागापर्यंत उष्णता सारखी पोचत नाही आणि आतड्यातले जंतू नुसत्या भाजण्याने सगळे मरत नाहीत. आधी उकळा, निथळा, मग भाजा.

निथळून गार झाले की साफ करायला बसा. बारीक जवळा निवडताना जसा वेळ जातो तसाच इथेही जातो. रातकिड्याला अंगठा आणि तर्जनीत धरून मागचे दोन मोठे पाय मुळाशी पिरगळले की सुटतात. नीट पाहिलंत तर त्या पायाच्या नळीवर करवतीसारखे काटे दिसतील. पंख चिमटीत धरून मागे ओढायचे. नाकतोडा आणि टोळ यांच्याबाबत तर हे चुकवायचंच नाही. पायांसकट खाल्लेल्या टोळांचे काटे आतड्यात अडकून तुंबल्याच्या, शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्या जुन्या नोंदी आहेत. हातगाडीवर तळलेले घेतलेत तरी पाय तोडूनच तोंडात टाका.

साफ केलेले किडे कोरडे करून मध्यम आचेवर तेलात २ ते ३ मिनिटं तळा, किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं भाजा. झाल्याची खूण म्हणजे चमच्याने हलवले की कोरड्या शेंगांसारखा खुळखुळ आवाज येतो. दाबून पाहिल्यावर आत मऊ, ओलसर लागत असेल तर परत आचेवर. मीठ-तिखट-लिंबू शेवटी.

उकळूनही काही जंतूंचे बीजाणू टिकतात. शिळ्या भाताने पोट बिघडतं त्यामागे असलेला बॅसिलस त्यांतलाच. कोरड्या पुडीत ते झोपून असतात, पाणी आणि ऊब मिळाली की जागे होतात. यावरून दोन नियम: शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि पूड भिजवून रात्रभर बाहेर ठेवायची नाही. इडली-डोशाच्या पिठात घालायचीच असेल तर आंबवण्याआधी नको. पीठ आंबून झालं की तव्यावर घालायच्या अगदी आधी मिसळा.

पूड वापरायची तर थालीपिठात

दूध, ताक, स्मूदी यांत पूड घातली की ती विरघळत नाही, तळाशी वाळूसारखी बसते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. भाजणीच्या भरड पोतात मात्र ती लपून जाते आणि खमंगपणात मिसळते.

दोन मध्यम थालीपिठांसाठी ९० ग्रॅम भाजणी आणि १० ग्रॅम पूड काट्यावर मोजून घ्या. चमच्याने मोजू नका, प्रत्येक कंपनीची पूड कमी-जास्त हलकी असते. बारीक चिरलेला एक छोटा कांदा, तिखट, ओवा, कोथिंबीर, चवीला मीठ, एक चमचा तेल. कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे पाणी जास्त लागेल. झाकून १० मिनिटं ठेवा, कारण पूड पाणी सावकाश पिते. न थांबता थापलंत तर कडेला भेगा पडतात. तव्यावर मध्यम आचेवर झाकण घालून ३-४ मिनिटं, भोकांत तेल सोडून, उलटून आणखी २ मिनिटं.

पहिल्यांदा हात सैल सोडून १०० ग्रॅमला २० ग्रॅम पूड घालणारे पुष्कळ असतात. पुडीत चिकटपणा नसल्याने थालीपीठ उचलताना तुटतं, रंग राखाडी होतो, आणि गरम असताना ओल्या सुकटीसारखा वास येतो. दहा टक्क्यांवर थांबा. एका थालीपिठात त्यातून जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिन वाढतं, म्हणजे अर्ध्या अंड्यापेक्षा कमी. सोबतची दह्याची वाटी तितकंच देते, आणि फार स्वस्तात. व्यवहाराने पाहिलं तर महाराष्ट्रात बसून प्रथिनांसाठी किडे खाण्याची गरज नाही. डाळ, शेंगदाणे, अंडी, जवळा हाताशी आहेत. जिथे किडे वाढवले जातात, विकले जातात, किंवा परंपरेने खाल्ले जातात तिथे ते चांगलं अन्न आहे.

लाल मुंग्यांच्या चटणीकडेही याच नजरेने पाहावं. मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची, लसूण, मीठ घालून वाटतात. तिचा आंबटपणा मुंग्यांच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा. ती तोंडी लावायची, चमचाभर. तापावरचं औषध म्हणून तिची ख्याती आहे, पण ताप आला तर त्याची तपासणीच करावी, विशेषतः मलेरियाच्या भागात.

पोटात गेल्यावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २० निरोगी माणसांनी दोन आठवडे रोज २५ ग्रॅम रातकिड्याची पूड न्याहारीत खाल्ली. त्यांना त्रास झाला नाही, आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम या एका उपयुक्त जंतूची संख्या साडेपाच पटींहून जास्त वाढली आणि दाहाशी संबंधित टीएनएफ-अल्फा नावाचं द्रव्य कमी झालं. २०१८ सालचा हा अभ्यास जाहिरातींत फार मिरवतो. वीस माणसं आणि चौदा दिवस, एवढाच त्याचा जीव आहे. त्यातून ‘आतड्यांसाठी अमृत’ असं काही सिद्ध होत नाही. २५ ग्रॅमपर्यंत निरोगी माणसाला चालून जातं, एवढं म्हणता येतं.

सुरुवातीला पोट जड वाटणं, वायू धरणं हे होतं. कायटिन हा चोथाच आहे आणि तो सगळा पचत नाही. पाणी वाढवा, प्रमाण निम्म्यावर आणा. आठवडाभरात बसलं नाही तर सोडून द्या. शौचाला घट्ट होत असेल आणि तुम्ही अख्खे किडे खात असाल, तर आधी पाय-पंखांकडे संशयाने बघा.

खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल, डोकं ठणकतंय, अंगाची आग, आणि बरोबर खाल्लेल्या इतरांनाही तेच, असं झालं तर ती बहुधा ॲलर्जी नाही. उन्हात राहिलेला बांगडा खाऊन होते तशी हिस्टामाइनची विषबाधा आहे. वर रेशीमकोषांचा धोका म्हटलं तो हाच. कोष उबेत राहिले की जंतू त्यातल्या हिस्टिडीनचं हिस्टामाइन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन तळून, उकळून जात नाही. थायलंडमध्ये तळलेल्या किड्यांतून अशा विषबाधा झाल्याची नोंद आहे. म्हणून हातगाडीवर घ्यायचं तर समोर कढईतून निघालेलं घ्या, दुपारपासून बल्बखाली पडलेला ढीग सोडा. तरीही लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे जाच, कारण ॲलर्जी आणि ही बाधा यांतला फरक घरी खात्रीने सांगता येत नाही.

आणखी एक उदाहरण, कारण ते ‘पारंपरिक म्हणजे निर्धोक’ या समजाला छेद देतं. नैऋत्य नायजेरियात पावसाळ्यात ॲनाफे जातीच्या रेशीमअळ्या खाणाऱ्यांना काही तासांतच तोल जाणं, हातपाय थरथरणं असा आजार होत असे. त्या अळीत थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मोडणारं विकर असतं आणि ते शिजवूनही पुरतं जात नाही. आधीच बी-१ कमी असलेल्या, कसाव्यासारख्या एकाच पिष्टान्नावर जगणाऱ्या माणसांना त्याचा फटका बसला. थायामिन दिल्यावर ती बरी झाली. जात कळल्याशिवाय घास नाही, तो यासाठी.

घरात ठेवताना

पाकीट फोडलं की पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. चांगल्या पुडीला भाजलेल्या दाण्यांसारखा, थोडा सुकटीकडे झुकणारा वास येतो. जुन्या तेलाचा, ऑइलपेंटसारखा वास आला किंवा जिभेवर कडवटपणा रेंगाळला तर चरबी खवट झाली आहे. भाजून ती सुधारत नाही, टाकून द्या. गुठळ्या झाल्या असतील तर ओल शिरली आहे, तीही टाका. ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नका.

ज्या तेलात किडे तळले त्यात नंतर भजी तळू नका. पाहुण्यांमध्ये कोळंबीची ॲलर्जी असणारा कोणी असेल तर ते तेलच पुरेसं आहे, आणि शाकाहारी माणसाला न सांगता असं काही खाऊ घालणं हा वेगळाच अपराध. परदेशात तीन-चार जण एका स्वयंपाकघरात राहत असाल तर बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘रातकिड्याची पूड, कोळंबी न चालणाऱ्यांनी हात लावू नये’, आणि खाली फोडल्याची तारीख. रंगाने ती थेट भाजणीसारखी दिसते.